थंडीत अडखळणारा पॉवर सप्लाय: टेबलावर ठणठणीत, जागेवर बंद

तक्रार बहुतेक वेळा ठरलेल्या शब्दांत येते. "पहाटे चालू होत नाही, ऊन वर आलं की आपोआप होतं." किंवा "चार-पाचदा बंद-चालू केलं की मग धरतं." बोर्ड काढून टेबलावर आणला की पहिल्याच झटक्यात सुरू होतो, पूर्ण लोड घेतो आणि दिवसभर कुरकुर न करता चालतो. 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो, बोर्ड परत जातो आणि पुढच्या कडाक्याच्या थंडीत तोच बोर्ड पुन्हा टेबलावर येतो. मधल्या काळात कुणी मॉस्फेट (वीज वेगाने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) बदललेला असतो, कुणी कंट्रोलर आयसी (त्या मॉस्फेटला हुकूम देणारी चिप), कुणी अख्खा बोर्डच.

मॉस्फेट बदलण्याआधी एवढं लक्षात घ्या की सिलिकॉनला थंडी फारशी बाधत नाही, उलट मानवते. तापमान उतरलं की मॉस्फेटचा चालू अवस्थेतला रोध घटतो, डायोड लवकर बंद होतात, गळतीचा प्रवाह नगण्य होतो. आयसीच्या पाकिटावर ० ते ७० अंश असं लिहिलेलं असलं तरी ती फक्त हमी आहे, शून्याखाली आयसी मरतो असं नव्हे. यूसी ३८४२ हा जुना कंट्रोलर ० ते ७० चा, आणि त्याचाच भाऊ यूसी १८४२ उणे ५५ ते १२५ चा. दोघांची आतली रचना तीच, फरक तपासणीचा आणि हमीचा. थंडीत बिघडतात ते सिलिकॉनच्या आजूबाजूचे भाग: कपॅसिटर, सेन्सर, संरक्षणाच्या मर्यादा. शिवाय बिघाड होतो तो जवळजवळ नेहमी चालू करतानाच्या पहिल्या काही सेकंदांत. एकदा सप्लाय चालला की स्वतःच्या उष्णतेने तो स्वतःला बरा करतो, आणि त्यामुळेच टेबलावर काही सापडत नाही.

आधी थंड करा, मग मोजा

खोलीच्या तापमानात या दोषावर कितीही वेळ घालवला तरी तो वाया जातो. बोर्ड थंड पेटीत ठेवा, बंद अवस्थेत ठेवा, आणि हीटसिंक किंवा मोठ्या कपॅसिटरच्या अंगाला चिकटवलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) खरंच उणे ४० दाखवेपर्यंत थांबा. पेटीतली हवा लवकर गार होते, ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा होत नाही. टी प्रकारचा थर्मोकपल उणे २०० पर्यंत चालतो. प्रोबच्या पीव्हीसीच्या वायरी कडक होऊन तडकतात, म्हणून टेफ्लॉनच्या वायरी सोल्डर करून पेटीबाहेर काढा आणि ऑसिलोस्कोप बाहेरच जोडा.

मोजायच्या जागा तीन: रेक्टिफायरनंतरचा डीसी बस (एसीचं डीसी झाल्यावरची मुख्य लाइन), कंट्रोलरची व्हीसीसी पिन (जिथून त्याला स्वतःचा पुरवठा मिळतो) आणि आउटपुट. तिन्ही एकाच स्क्रीनवर घ्या आणि चालू करतानाचा पहिला सेकंद पकडा. हा एक फोटो हातात असला की अर्धं निदान झालेलं असतं.

डीसी बस वर चढतच नसेल, किंवा चढून लोड लागताच कोसळत असेल, तर आवक बाजूला बघा. बस स्थिर आहे आणि व्हीसीसीवर करवतीच्या दात्यांसारखी चढउतार दिसते आहे, तर दोष सहायक पुरवठ्यात. दोन्ही नीट आहेत आणि आउटपुट थरथरतं किंवा उडी मारून बंद पडतं, तर फीडबॅक लूप (आउटपुट बघून ते स्थिर ठेवणारं सर्किट) नाहीतर संरक्षण.

व्हीसीसीचा छोटा कपॅसिटर

माझ्या मते सर्वाधिक वेळा गुन्हेगार हाच निघतो आणि सर्वात शेवटी तपासला जातोही हाच. तो दिसायला किरकोळ असतो: २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा, करंगळीच्या नखाएवढा इलेक्ट्रोलिटिक.

त्याच्या आत द्रव असतो. तापमान घटलं की तो द्रव घट्ट होतो, त्यातले आयन सावकाश हलतात आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, चढत जातो. खोलीच्या तापमानात दोन ओहम असलेला छोटा कपॅसिटर उणे ४० ला वीस ओहमपर्यंत सहज जातो. धारकताही घटते, पण खरा घात ईएसआर करतो.

आता यूसी ३८४२ सारखा कंट्रोलर धरा. तो साधारण १६ व्होल्टला जागा होतो आणि १० व्होल्टच्या खाली गेला की झोपतो. जागा होताच तो मॉस्फेटच्या गेटमध्ये (त्याला उघडणाऱ्या टोकात) प्रवाहाचा छोटा ठोका मारतो, समजा अर्ध्या अँपिअरचा. तो ठोका येतो याच कपॅसिटरमधून. दोन ओहमवर अर्धा अँपिअर म्हणजे एक व्होल्टची घसरण, कुणाच्या लक्षातही येत नाही. वीस ओहमवर तीच घसरण १० व्होल्ट. सोळातून दहा गेले, कंट्रोलर झोपला. मग सुरुवातीचा रोधक कपॅसिटर पुन्हा भरतो, पुन्हा ठोका, पुन्हा झोप. बाहेरून ऐकू येते ती टिक-टिक.

दर ठोक्यागणिक त्या ईएसआरवर थोडी उष्णता पडते, कपॅसिटर किंचित कोमट होतो, आणि एखाद्या फेरीत घसरण मर्यादेच्या आत राहते. झालं, सप्लाय सुरू. "चार-पाचदा केलं की धरतं" या तक्रारीमागे जादू नाही, एवढंच आहे.

खात्री करायची सोपी पद्धत: थंड पेटीतच, त्या एकाच कपॅसिटरच्या अंगाला एक छोटा रोधक चिकटवून वेगळ्या पुरवठ्यावरून त्याला ऊब द्या. बाकी बोर्ड उणे ४० ला, हा एक भाग शून्याच्या वर. आता पहिल्या झटक्यात सुरू झाला तर तुमचा गुन्हेगार सापडला. गोठवणारा स्प्रे मारून उलट प्रयोगही करता येतो, पण स्प्रे शेजारच्या चार भागांना एकदम गार करतो आणि दवही धरतं. एकच भाग कोमट करणं जास्त प्रामाणिक उत्तर देतं.

इलाज स्वस्त आहे. कंट्रोलरच्या पिनला अगदी लागून एक ते दोन मायक्रोफॅरडचा एक्स सेव्हन आर प्रकारचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. गेटचा ठोका तो देईल आणि इलेक्ट्रोलिटिकला फक्त संथ काम उरेल. सिरॅमिक ५० व्होल्टचा घ्या. कमी व्होल्टेजचा घेतला तर डीसी दाबाखालीच त्याची बरीच धारकता जाते. वाय फाइव्ह व्ही प्रकारचा सिरॅमिक मात्र चुकूनही नको: त्याला उणे ३० अंशांवर ८२ टक्क्यांपर्यंत घट अधिकृतपणे माफ आहे.

हाच बोर्ड मागच्या हिवाळ्यात नीट चालू होत होता, मग यंदा काय झालं, असा प्रश्न हमखास येतो. इलेक्ट्रोलिटिक उन्हाळ्यात आटतो आणि हिवाळ्यात उघडा पडतो. उष्णतेत चाललेल्या प्रत्येक तासाला त्याचा द्रव थोडा कमी होतो, ईएसआर मूळ पातळीवरूनच वर सरकतो, आणि थंडीची पट त्या वाढलेल्या आकड्यावर लागते. नवा असताना उणे ३० ला धरणारा सप्लाय काही वर्षांनी उणे १० लाच कुरकुरू लागतो. म्हणून त्याच जातीचा नवा कपॅसिटर टाकून दिलेली दुरुस्ती टिकत नाही, फक्त पुढे ढकलली जाते.

आवक बाजूचा एनटीसी

चालू करताना येणारा प्रवाहाचा लोंढा रोखायला बसवलेला काळा-हिरवा चकतीसारखा थर्मिस्टर, थंडीत रोध वाढणारा आणि तापला की घटणारा. खोलीत १० ओहमचा असेल तर उणे ४० ला, त्याच्या बी मूल्यानुसार (रोध तापमानाने किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा), दीडशे ओहमच्या आसपास जातो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर ३२५ व्होल्ट. सप्लायने दोन अँपिअर ओढायचा प्रयत्न केला की जवळपास सगळं व्होल्टेज त्या चकतीवरच जिरतं. बस कोसळतो, कमी व्होल्टेजचं संरक्षण लागतं, पुन्हा प्रयत्न. इथेही दर प्रयत्नाला चकती तापते आणि शेवटी सप्लाय धरतो, म्हणजे लक्षण हुबेहूब मागच्यासारखंच. फरक ओळखायचा तो बसवरून: तिथे बस शांत होता, इथे बसच कोसळतो.

एनटीसी शॉर्ट करून चालवून बघायचा मोह होतो. मोठा कपॅसिटर बँक असेल तर करू नका, रेक्टिफायर किंवा फ्यूज जाईल. त्या जागी ठरावीक मूल्याचा पॉवर रोधक आणि बस भरल्यावर त्याला बाजूला सारणारा रिले, ही खरी दुरुस्ती. एनटीसी ठेवायचाच असेल तर बस पूर्ण भरेपर्यंत लोड अडवून धरणारा सॉफ्ट स्टार्ट हवा.

सेन्सर खोटं बोलतो तेव्हा

स्क्रीनवर 'तापमान सेन्सर तुटला' किंवा नुसता एक एरर कोड, आणि सेन्सर तपासला तर शाबूत. नेहमीचा १० किलोओहमचा एनटीसी उणे ४० ला तीनशे किलोओहमच्या वर जातो. वरचा रोधक १० किलोओहमचा असेल तर ३.३ व्होल्टच्या सर्किटमध्ये मायक्रोकंट्रोलरला ३.२ व्होल्ट दिसतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने 'एवढं व्होल्टेज म्हणजे वायर तुटली' असं गृहीत धरलेलं असतं. वायर शाबूत आहे, फक्त हवा गार आहे. सेन्सर बदलून काही होणार नाही. एकतर मर्यादा सरकवा, किंवा वरचा रोधक वाढवा, किंवा सरळ पीटी १०० वापरा, जो उणे २०० पर्यंत जवळपास सरळ रेषेत जातो.

याच कुळातला दुसरा घोटाळा प्रवाह मोजण्याचा. काही सप्लाय वेगळा शंट (प्रवाह मोजायचा छोटा रोधक) न लावता इंडक्टरच्या तांब्याच्या रोधावरूनच प्रवाह ओळखतात. तांब्याचा रोध अंशाला साधारण ०.३९ टक्के बदलतो. खोलीपासून उणे ४० पर्यंत तो पाव हिश्शाने घटतो, म्हणजे मर्यादा ठरवलेल्या प्रवाहापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्तीवर लागते. सप्लाय चालू राहतो, तक्रार येत नाही, आणि एक दिवस शॉर्ट झाल्यावर संरक्षण लागायच्या आधी मॉस्फेट उडतो. अशा वेळी मॉस्फेट थंडीने गेला असं लिहून मोकळं होऊ नये.

पंखा फिरला नाही म्हणून ट्रिप होणं हेही थंडीतच जास्त: बेअरिंगमधलं वंगण घट्ट होतं. उणे २० ला पंख्याची गरज काय, हा प्रश्न सॉफ्टवेअरला विचारायला हवा. आणि लिथियम-आयन बॅटरीचं चार्जिंग शून्याखाली थांबलेलं दिसलं तर तो दोष नव्हे. तसं चार्ज केल्यास ऋण इलेक्ट्रोडवर धातूरूप लिथियम साचतं, म्हणून बीएमएस (बॅटरी सांभाळणारा बोर्ड) मुद्दाम अडवतो. त्याला फसवून चार्ज करण्याचे उपाय फिरत असतात, ते करू नका.

आउटपुट थरथरतं

बस ठीक, व्हीसीसी ठीक, पण आउटपुटवर रिपल (डीसीवरची लहर) चढलेला, लोड बदलताच डोलणारा. ४७० मायक्रोफॅरडचा आउटपुट कपॅसिटर घ्या, ईएसआर ५० मिलीओहम. त्याचा ईएसआरमुळे होणारा झीरो (ज्या वारंवारतेपासून कपॅसिटर रोधकासारखा वागू लागतो ती) पावणेसात किलोहर्ट्झला पडतो आणि लूपची भरपाई (त्याला स्थिर ठेवणारी जुळणी) त्यानुसार जुळवलेली असते. उणे ४० ला ईएसआर दसपट होऊन अर्धा ओहम आणि धारकता ३३० वर आली, तर झीरो थेट एक किलोहर्ट्झच्या खाली उतरतो. लूप त्यामुळे नको तितका वेगवान होतो आणि झुलायला लागतो. शिवाय दोन अँपिअरच्या रिपल प्रवाहाला पूर्वी ०.१ व्होल्टचा रिपल होता, तो आता एक व्होल्ट. पुढचा लोड एवढ्याने रिसेट होतो आणि बोल लागतो सप्लायला.

पॉलिमर कपॅसिटरमध्ये द्रव नसतो, त्याचा ईएसआर उणे ५५ पर्यंत फारसा हलत नाही. पण नुसता इलेक्ट्रोलिटिक काढून पॉलिमर घातला तर ईएसआर एकदम कमी होऊन झीरो उलट्या दिशेला पळतो आणि लूप खोलीच्या तापमानालाच अस्थिर होऊ शकतो. भरपाई पुन्हा जुळवा, मग थंड पेटीत आणि गरम पेटीत दोन्हीकडे लोडची उडी देऊन बघा.

सोलर इन्व्हर्टर आणि थंड सकाळ

इथे मात्र सिलिकॉन खरोखर मरतं, आणि तीन कारणं एकत्र येऊन मारतात. सोलर पॅनेलचं उघड्या टोकांचं व्होल्टेज अंशाला साधारण ०.३ टक्क्यांनी वाढतं, तापमान जसं उतरेल तसं. २५ अंशांवर ८०० व्होल्टची माळ उणे ३५ ला ९४० च्या पुढे जाते. त्याच वेळी आयजीबीटीची (इन्व्हर्टरमधल्या उच्च व्होल्टेजच्या स्विचची) व्होल्टेज सोसण्याची क्षमता अंशाला सुमारे ०.१ टक्क्याने घटते, म्हणजे १२०० चा तुकडा ११३० च्या जवळ येतो. चारशे व्होल्टची मोकळीक दोनशेच्याही खाली. आणि थंड आयजीबीटी जास्त वेगाने बंद होतो, डीसी लिंकचा (इन्व्हर्टरच्या डीसी बसचा) इलेक्ट्रोलिटिक गारठलेला असतो, त्यामुळे बंद होतानाचा उसळीचा टोकदार खिळा याच मोकळिकीत घुसतो.

म्हणून माळेत पॅनेल किती जोडायचे ते त्या जागेच्या नीचांकी तापमानावरून ठरवावं, सरासरीवरून नाही. बसलेली यंत्रणा असेल तर माळेतलं एक पॅनेल कमी करणं हा सर्वात स्वस्त विमा. इन्व्हर्टरमध्ये हात घालता येत असेल तर बंद होण्याचा गेट रोधक थोडा वाढवा आणि डीसी लिंकला फिल्म कपॅसिटर लावा.

उणे १०० च्या खाली

द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश, म्हणजे ७७ केल्विन. अतिवाहक यंत्रणांच्या शेजारी बसणारे कन्व्हर्टर या प्रदेशात येतात. इथे इलेक्ट्रोलिटिकचा प्रश्नच मिटतो, तो दगड झालेला असतो. एक्स सेव्हन आर सिरॅमिकची बहुतांश धारकता जाते. सी झीरो जी सिरॅमिक आणि पॉलिप्रोपिलीन फिल्म टिकतात. तांब्याचा रोध खोलीच्या तुलनेत एक सप्तमांश ते एक अष्टमांश उरतो. ऐकायला छान, पण ज्या रोधाने सर्किटमधलं झुलणं दबत होतं तोच नाहीसा झाल्याने फिल्टर घंटेसारखे वाजू लागतात.

सिलिकॉनचा मॉस्फेट ७७ केल्विनला उत्तम चालतो, रोध अनेक पटींनी कमी. मात्र त्याचं थ्रेशोल्ड (उघडायला लागणारं गेटचं व्होल्टेज) साधारण एक व्होल्टने चढतं, तेव्हा ५ व्होल्टच्या गेटवर काठावर चालणारा मॉस्फेट इथे अर्धवटच उघडेल. १० ते १२ व्होल्ट द्या. तो गेट पुरवठा झेनरवरून (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या डायोडवरून) येत असेल तर १२ व्होल्टचा झेनर थंडीत खाली सरकतो हेही धरा, दोन्ही बाजूंनी कात्री लागते. आणखी खाली, ४० केल्विनच्या आसपास, सिलिकॉनमधले अशुद्धीचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडेनासे होतात आणि रोध पुन्हा वर उसळतो. साध्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा गेन (प्रवाह वाढवण्याची पट) तर त्याच्या कितीतरी आधी कोसळलेला असतो.

सिलिकॉन कार्बाइड महाग आणि नवं म्हणून इथेही चांगलं असेल, असं समजून लोक ते वापरतात. थंडीत त्याच्या मॉस्फेटचा रोध उलट वाढतो. ते गरम जागेचं यंत्र आहे. गॅलियम नायट्राइड मात्र या प्रदेशात बहरतं: त्यातले वाहक अशुद्धीतून सुटून येणारे नसून दोन थरांच्या सीमेवर कायम उपलब्ध असतात, म्हणून गोठण्याचा प्रश्न येत नाही.

अंतराळयानांत या सगळ्यावरचं जुनं उत्तर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला थंडी लागूच न देणं. मंगळावरच्या गाड्यांमध्ये सगळे नाजूक बोर्ड उबदार पेटीत उणे ४० ते अधिक ४० च्या दरम्यान ठेवलेले असतात आणि मोटरी वापरण्याआधी हीटरने तापवल्या जातात. चंद्रावरची चौदा दिवसांची रात्र त्याहून कठीण. विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ मध्ये झोपवले गेले ते पुन्हा जागे झाले नाहीत. जपानचं स्लिम हे यान रात्र काढण्यासाठी बनवलेलं नसूनही २०२४ मध्ये तीन रात्रींनंतर पुन्हा बोललं. हमीच्या पलीकडे काय होईल ते तुकड्यागणिक वेगळं असतं, हे दोन्ही बाजूंनी लागू पडतं.

जमिनीवर तेच उत्तर सोप्या रूपात वापरता येतं. बोर्डाच्या पेटीत एक छोटा हीटर आणि थर्मोस्टॅट, आणि उणे २० च्या वर आल्याशिवाय मुख्य सप्लायला परवानगी न देणारा रिले. ज्या जागी बोर्डात बदल करायची मुभा नाही, तिथे मी दुसरं काही सुचवतच नाही. किंवा रात्री यंत्र पूर्ण बंद न करता स्टँडबायवर ठेवा, त्याची स्वतःची ऊब पुरते. फक्त हीटरचा थर्मोस्टॅट हवेचं तापमान न बघता सर्वात सावकाश तापणाऱ्या भागाचं बघेल अशा जागी लावा. हवा पाच मिनिटांत कोमट होते, मोठा कपॅसिटर होत नाही.

चाचणी संपल्यावर थंड पेटीतून काढलेला बोर्ड लगेच चालू करू नका. बाहेर काढताच त्यावर दव धरतं, आणि उच्च रोधाच्या फीडबॅक रोधकांवर ते पाणी नवाच दोष दाखवतं, जो मुळात नव्हता. उच्च व्होल्टेजच्या भागात तर ठिणगीच पडते. बोर्ड बंद पिशवीत ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, किंवा पेटीतच कोरडा नायट्रोजन सोडत सावकाश तापवा. दुरुस्तीच्या कागदावर चालू करतेवेळचं कपॅसिटरच्या अंगाचं तापमान, कितव्या प्रयत्नाला धरलं आणि त्या वेळी बस व व्हीसीसी काय दाखवत होते, हे लिहा.